खुरासानी ओवा आणि खडकीपलीकडील दापोडीची बाग

वैद्यकी बाडें हा आपल्याकडील संग्राहकांचा बराच दुर्लक्षित विषय आहे. राजकारणाचें पत्र सांपडलें कीं त्याची नक्कल ताबडतोब होते. महजर, निवाडा, सनद यांसहि मान मिळतो. परंतु दप्तराच्या तळाशीं निघालेलें औषधांचें बाड ‘यांत ऐतिहासिक कांहीं नाहीं’ असा शेरा मारून बाजूस ठेवण्यांत येतें, नाहीं तर ‘उपयोगीं पडेल’ म्हणून घरांतील वडील माणसांच्या स्वाधीन करण्यांत येतें. पहिल्या प्रकारांत इतिहासाची हानि आहे. दुसऱ्या प्रकारांत माणसाच्या जिवाची हानि होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेख मुख्यत्वें या दुसऱ्या संभवाविषयीं आहे.

हा संभव सर्वांत अधिक कोठें असेल तर तो मनाच्या विकारांवरील कलमांत. झोंप न येणें, जीव घाबरा होणें, मन उदास राहणें, भ्रम, उन्माद या तक्रारी बाडें लिहिणाऱ्यांनीं एकमेकींपासून फारशा निराळ्या काढलेल्या नसतात; एकाच मथळ्याखालीं चार-पांच औषधें येतात. त्यांत ब्राह्मी असते, शंखपुष्पी असते, जटामांसी व वेखंड असतें, आणि मधूनच एखाद्या ठिकाणीं खुरासानी ओवा असतो. वाचणारास हीं सर्व एकाच जातीचीं निरुपद्रवी औषधें वाटतात. तीं तशीं नाहींत.

ब्राह्मीपासून आरंभ करूं. ब्राह्मी कोणती, हा वाद वैद्यांत जुना आहे. महाराष्ट्रांत बाजारांत व बागेंत ब्राह्मी म्हणून जी वनस्पति मिळते ती बहुधा गोल, करवती कांठाच्या पानांची, जमिनीवर पसरणारी मंडूकपर्णी असते. शास्त्रकार जिला ब्राह्मी समजतात ती जलब्राह्मी निराळी. तिचीं पानें लहान, मांसल, व फूल पांढरें अथवा फिकें जांभळें. या दोन वनस्पति एका कुळांतील देखील नाहींत. चरकानें मेध्य रसायनें म्हणून चार द्रव्यें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. उन्माद व अपस्मार यांच्या चिकित्सेंत ब्राह्मीचें घृत निराळें येतें. तेव्हां ग्रंथकारास दोहोंतील भेद ठाऊक होता, आणि तो पुढें व्यवहारांत मिटला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण हा भेद मिटल्यानें सहसा कोणाचा प्राण गेला नाहीं. एकीच्या जागीं दुसरी घेतली तर गुण कमी-अधिक येईल. अतिरेक केला तर पोट बिघडेल. नांवाच्या गोंधळाला अशी सवलत प्रत्येक वनस्पति देत नाहीं.

खुरासानी ओव्याची गोष्ट उलट आहे. ‘ओवा’ या शब्दानें आपल्या भाषेंत तीन अगदीं भिन्न वस्तु ओळखल्या जातात. पहिला साधा ओवा, जो प्रत्येक घरांत असतो व ज्याच्या वासानेंच तो ओळखूं येतो. दुसरा किरमाणी ओवा. ते वस्तुतः दवण्याच्या जातीच्या एका झुडपाचे न उमललेले बारीक मोहर होत, व जंतांवर देण्याचें सँटोनिन नांवाचें द्रव्य त्यांतून निघतें. तिसरा खुरासानी ओवा. हें ओव्याच्या कुळांतील बीजच नव्हे. धोतरा ज्या कुळांतला, त्याच कुळांतील एका झाडाचें हें बीं आहे. झाड केसाळ, चिकट, उग्र वासाचें. फूल मळकट पिंवळें व त्यावर जांभळ्या शिरांचें जाळें. फळ झांकणाच्या डबीसारखें, आणि तें वाळलें कीं झांकण आपोआप गळून पडतें. बीं अत्यंत बारीक, मूत्रपिंडाच्या आकाराचें, करड्या रंगाचें व खवल्यासारखे खड्डे असलेलें. साध्या ओव्याच्या दाण्यावर उभ्या रेघा असतात व चोळल्याबरोबर वास येतो. खुरासानी ओव्यास तसा वास नाहीं. ज्यांच्या संग्रहीं बाडाबरोबर जुन्या औषधांचे बटवे किंवा डब्या आल्या असतील, त्यांनीं ही खूण ध्यानांत ठेवावी, व चाखून पाहण्याचा मोह टाळावा.

हें झाड महाराष्ट्राचें नव्हे. हिमालयाच्या पश्चिम भागांत, काश्मीरपासून गढवालपर्यंत उंच प्रदेशांत तें आपोआप उगवतें. दक्षिणेंतील गांध्यांकडे तें येई तें बीं म्हणून, इराण व अफगाणिस्तान यांकडील व्यापारांतून. नांवांतील ‘खुरासानी’ हें विशेषण या वाटेची साक्ष देतें. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत यास पारसीक यवानी म्हटलें आहे. गुणांनीं ती यवानीसारखीच असें सांगून तिचे विशेष गुण देतांना त्यानें ती मादक असल्याचें स्पष्ट नमूद केलें आहे. बाडांत नेमका हाच शब्द गळतो. निघंटूंतील श्लोकाचा पहिला भाग, म्हणजे ‘ओव्यासारखी’, तेवढा लोकांच्या लक्षांत राहिला, आणि दुसरा भाग वैद्याच्या तोंडीं राहिला. वैद्य होता तोंपर्यंत त्यानें चालत होतें. बाड राहिलें व वैद्य गेला म्हणजे काय राहतें, हें सांगण्याची गरज नाहीं.

यूनानी हकिमांच्या ग्रंथांत यासच बंज म्हणतात, व त्याच्या बियांस बजरुल बंज. हा बंज आणि आपली भांग यांचीं नांवें फार जवळचीं असून फारशी लेखनांत तीं परस्परांच्या जागीं आलेलीं आहेत. त्यामुळें फारशीवरून मराठींत उतरलेल्या नुसख्यांत ‘बंग’ किंवा ‘बंज’ आढळल्यास संपादकानें तो शब्द एकदम ‘भांग’ असा सुधारूं नये. दोन्ही द्रव्यें मादक असलीं तरी त्यांच्या क्रिया निराळ्या आहेत, व एकाचें प्रमाण दुसऱ्यास लावणें घातक आहे.

आतां खडकीकडे वळूं. कारण या परदेशी बीजाची लागवड सरकारी देखरेखीखालीं होऊन त्याचें औषध मापून-जोखून होण्याचा प्रयोग आपल्याकडे प्रथम झाला तो खडकीच्या समोर, मुळेच्या पलीकडील तीरावर.

दापोडीचें नांव इतिहासांत येतें तें फोर्डच्या पलटणींमुळें. पेशव्यांच्या पैशानें उभारलेल्या व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं दिलेल्या या पलटणींची छावणी दापोडीस होती. ता. ५ नोव्हेंबर १८१७ (शके १७३९) रोजीं खडकीची लढाई जुंपली तेव्हां फोर्ड मुळेकडून निघून कर्नल बर याच्या सैन्यास येऊन मिळाला. त्याचा स्नेही मोरो दीक्षित त्या दिवशीं बापू गोखल्याच्या बाजूनें लढतांना फोर्डच्याच लोकांशीं झालेल्या चकमकींत पडला, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. याच फोर्डचा दापोडीचा बंगला व सभोंवारचें आवार इ. स. १८२८ मध्यें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें सरकाराकरितां घेतलें. बंगला गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामासाठीं ठेवला व आवारांत वनस्पतींची बाग केली. लढाईच्या दिवशीं ज्या आवारांतून पलटणी निघाल्या, तेथें अकरा वर्षांनीं वाफे पडले. इतिहासकारांनीं त्या आवाराचा पहिलाच भाग तेवढा लिहिला आहे!

या बागेचा खरा उत्कर्ष झाला तो डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या वेळीं. हा स्कॉटलंडचा, जन्म इ. स. १८००. वैद्यकाचा अभ्यास एडिंबरो येथें करून तो कंपनीच्या चाकरींत आला. दख्खन व खानदेश या भागांत देवी टोंचण्याच्या कामावर फिरत असतां त्यास देशी भाषांचा व देशी वनस्पतींचा चांगला परिचय झाला. इ. स. १८३८ पासून तो दापोडीच्या बागेचा मुख्य होता. १८४७ मध्यें मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा पहिला कॉन्झर्व्हेटर झाला व १८६० पर्यंत त्या हुद्द्यावर होता. डाल्झेल याच्या सहकार्यानें केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १८६१ मध्यें प्रसिद्ध झाला. १८४७ ते १८५० या काळांत त्यानें एका अनामिक पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून बागेंतील झाडांचीं चित्रें काढविलीं. त्यांपैकीं सुमारें १७० चित्रें एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत असून त्यांवर नोल्टी याचा ग्रंथ २००२ मध्यें निघाला. आपल्या मुलखांतील झाडांचीं चित्रें पाहण्यास आपणांस स्कॉटलंडांतील ग्रंथ उघडावा लागतो, याची खंत येथें नोंदवून पुढें जातों.

गिब्सनच्या बागेचें काम केवळ शोभेचें नव्हतें. दापोडीस व जुन्नराकडील हिवरें येथें औषधी वनस्पतींची लागवड करून तेथील औषधें मुंबईच्या सरकारी औषध-भांडारास पुरविण्यांत येत. त्यांत खुरासानी ओव्याचें झाड होतें. विलायतेंतून आलेलें वनस्पतींचें औषध महाग पडे, आणि लांबच्या समुद्रप्रवासांत व उष्ण हवेंत त्याचा गुण कितपत टिकला हें सांगतां येत नसे. तेंच येथें तयार झालें तर ताजें मिळे, हा त्यामागील साधा हिशेब असावा. थंड प्रदेशांतील हें झाड दख्खनच्या हिंवाळ्यांत चांगलें वाढतें. त्याच्या हिरव्या पानांचा रस काढून तो आटवीत व घन करून डब्यांत भरीत. क्षोभलेल्या रोग्यास शांत करणें, झोंप आणणें, पोटांतील पेटके थांबविणें या कामीं डॉक्टर लोक हा घन देत, व अफूनें जो मलावरोध होतो तो यानें होत नाहीं म्हणून अनेक ठिकाणीं तो अफूपेक्षां पसंत करीत.

येथें वैद्याचें औषध व डॉक्टराचें औषध यांतील एक महत्त्वाचा भेद पाहिला पाहिजे, कारण तो लक्षांत न आल्यामुळें दोन्ही परंपरांचे कागद एकत्र वाचणारा फसतो. वैद्यांकडे येई तें बीं. दापोडीस वापरीत तें पान. बीं अनेक महिन्यांचें, कोठल्या प्रदेशांतलें व किती जुनें याचा पत्ता नाहीं. पान त्याच दिवशीं खुडलेलें. बीं कुटून चूर्ण. पानाचा आटविलेला घन. दोहोंतील क्रियाशील द्रव्यें तींच असलीं तरी त्यांचें प्रमाण तेंच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कित्येक मराठी वह्यांत वैद्यकी व डॉक्टरी उपाय शेजारीं शेजारीं लिहिलेले दिसतात. अशा वहींत नुसतें ‘खुरासानी ओवा’ लिहून पुढें वजन दिलें असेल तर तें वजन बियांचें कीं घनाचें, हें ठरविल्याशिवाय त्या ओळीचा अर्थ लागला असें म्हणतां येत नाहीं.

वजनाचा प्रश्न तर याहूनहि बिकट. बाजारी हिशेबांत तोळ्याचे बारा मासे व माशाच्या आठ गुंजा धरतात. शार्ङ्गधरानें मात्र मागध मानांत सहा गुंजांचा मासा सांगितला आहे, व कालिंग मानांत आठ गुंजांचा, क्वचित् सातांचा. म्हणजे ‘एक मासा’ हे दोन शब्द ग्रंथ पाहून लिहिणाऱ्याच्या लेखणींतून उतरले असतील तर एक वजन, आणि गांध्याच्या ताजव्यावरून उतरले असतील तर त्याहून तृतीयांशानें अधिक वजन. ब्राह्मीच्या बाबतींत या तृतीयांशाची पर्वा कोणी करणार नाहीं. ज्या द्रव्यांत उपयोगाची मात्रा व विषाची मात्रा यांमधील अंतरच थोडें, तेथें हा तृतीयांश म्हणजे झोंप व बेशुद्धि यांमधील अंतर होऊं शकतें. शिवाय मोडींतील अंक व वजनांचीं संक्षिप्त चिन्हें झिजलेल्या कागदावर वाचतांना चूक किती सहज होते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें म्हणजे काशींत गंगेचें वर्णन करण्यासारखें आहे.

विषाची क्रिया काय, तें थोडक्यांत सांगतों. या झाडांतील हायोसायमिन हें द्रव्य गायगर व हेस या जर्मन रसायनज्ञांनीं १८३३ मध्यें वेगळें काढलें; हायोसीन हें दुसरें लाडेनबुर्ग यानें १८८० मध्यें. पानांत हीं द्रव्यें हजारीं एका भागाच्या आसपास असतात, आणि झाडाचें वय, जमीन व खुडण्याची वेळ यांप्रमाणें हें प्रमाण बदलतें. मात्रा अधिक झाली म्हणजे तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी धांवूं लागते, लघवी अडते, आणि मग माणूस असंबद्ध बडबडूं लागतो. नसलेल्या वस्तु त्यास दिसूं लागतात. म्हणजे ज्या भ्रमावर तें द्यावयाचें तोच भ्रम तें उत्पन्न करतें. अशा वेळीं घरचीं माणसें रोग वाढला असें समजून पुन्हां मात्रा देणार, ही भीति कल्पनेंतील नव्हे. आमच्याकडील धोतऱ्यांतहि हींच द्रव्यें आहेत. गोव्यांत राहून औषधींवर लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ता यानें १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या संवादरूपी ग्रंथांत, चोर व नोकर लोक अन्नांत धोतरा घालून माणसास कसें वेडेंपिसें करतात, याचें वर्णन केलें आहे. या कुळाची ही बाजू कोंकणपट्टींत तेव्हांपासून लेखनिविष्ट आहे.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेड्यांच्या इस्पितळांतून हायोसीन टोंचून देण्याचा प्रघात पडला. त्यानें क्षुब्ध रोगी निजे. त्याचें मन सुधारे असें मात्र नाहीं. निजविणें आणि बरें करणें यांतील हा भेद बाडें लिहिणाऱ्यांनीं केला नाहीं म्हणून त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. विसाव्या शतकांतील विद्वान् डॉक्टरांसहि तो उशिरां कळला, आणि तो कळला आपल्याच एका वनस्पतीमुळें.

ती वनस्पति सर्पगंधा, कोंकणांत जीस अडकई असेंहि म्हणतात. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें तिचा उन्मादावर व रक्ताच्या वाढलेल्या दाबावर होणारा उपयोग प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख १९४९ मध्यें विलायतेंतील हृद्रोगाच्या नियतकालिकांत आला व तेथून तिची कीर्ति पसरली. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिचें रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि दोन वर्षांत अमेरिकेंतील मनोरुग्णालयांत तें सर्रास देऊं लागले. क्षुब्ध रोगी शांत झाले. पण लौकरच, रक्तदाबासाठीं तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस खोल विषण्णता येते असें डॉक्टरांच्या नजरेस आलें. हा संबंध कितपत निश्चित, याविषयीं पुढें वाद झाला. तरी ज्यास विषण्णतेचा विकार आहे त्यास हें औषध देऊं नये, ही सूचना कायम राहिली. आतां बाडांतील ‘वेड्यास औषध’ असें कलम घ्या. त्या एका शब्दांत आरडाओरड करणाराहि येतो व कोंपऱ्यांत बसून अन्न टाकणाराहि येतो. सर्पगंधेनें पहिला शांत होईल; दुसऱ्यास ती आणखी खालीं नेण्याचा संभव आहे. मूळ वैद्य रोगी पाहून निवड करीत असे. कागदावर ती निवड उतरलेली नाहीं.

दापोडीची बाग १८६५ मध्यें बंद झाली. गव्हर्नराचें बिऱ्हाड गणेशखिंडीकडे जावयाचें ठरल्यावर तिला वालीच उरला नाहीं. पण तेथें जें घडलें त्यांतून आम्हांस आपल्या कामापुरता बोध घेतां येतो. गिब्सन देशी वैद्यांहून शहाणा होता असें नव्हे. त्याला चार गोष्टी एकत्र सांपडल्या होत्या: झाड डोळ्यांसमोर होतें, भाग कोणता तें निश्चित होतें, कृति एकच होती, आणि देणारा हाताशीं होता. बाडांतील कलमांत या चारींतील एकहि बहुधा नसतें. म्हणून माझें मत असें कीं, मनाच्या विकारांवरील कलमें छापावींत, अवश्य छापावींत, पण औषधयोजना म्हणून नव्हे. वनस्पतींचीं नांवें मुळांत असतील तशींच ठेवावींत. ‘वोवा’ असेल तेथें ‘वोवा’, आणि मागचें विशेषण पुसट असेल तर पुसट असें कंसांत लिहावें, गाळूं नये. ‘खुरासानी’ हें विशेषण गळून केवळ ‘ओवा’ छापला गेला तर अपाय थोडा. उलट साध्या ओव्याच्या कलमांत तें घुसलें तर अनर्थ होईल. वजनें आजच्या ग्रॅमांत उतरवून देण्याची हौस संपादकानें आवरावी. मासा कोणता तें ठाऊक नसतां केलेलें रूपांतर हें अचूकतेचें सोंग होय. आणि खुरासानी ओवा, धोतरा, बचनाग, सर्पगंधा यांपैकीं कांहीं आलें तर तळटीपेंत हें विष अथवा तीव्र औषध आहे, घरीं घेण्याचें नव्हे, इतकें एक वाक्य घालण्यास संकोच करूं नये. मंडूकपर्णीचा रस घेणाऱ्या माणसानें देखील, तो झोंपेचीं किंवा मनाच्या विकारावरील दुसरीं औषधें घेत असेल तर, आपल्या डॉक्टरास तसें सांगितलें पाहिजे. देशी म्हणून तें हिशेबाबाहेर राहत नाहीं.

कित्येक मित्र यावर म्हणतात कीं, इतिहास-संशोधकास वैद्यकाशीं काय कर्तव्य? पण कागद उजेडांत आणणारे आपणच असतों. एखादी सनद चुकीची वाचली तर फार तर वतनाचा वाद लांबतो व पुढच्या अंकांत दुरुस्ति छापतां येते. औषधाच्या ओळीस ती सवड नाहीं.

मुळा-मुठेच्या खोऱ्यांतील, विशेषतः खडकी, दापोडी, बोपोडी व औंध, तसेंच जुन्नराकडील हिवरें, नारायणगांव या गांवांतील दप्तरांत इ. स. १८२८ ते १८६५ या काळांतील वैद्यकी वह्या निघण्याचा संभव आहे. बागेंत काम करणाऱ्या माळ्यांच्या व कारकुनांच्या घरीं झाडांच्या याद्या, बियांचे हिशेब अथवा घनाच्या डब्यांवरील मोडी चिठ्ठ्या असतील तर त्या या विषयावर निराळाच प्रकाश पाडतील. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं खुरासानी ओव्याची ओळ, तिच्या पुढचें वजन व मागचा मथळा, अशा तिन्ही गोष्टींसह छायाचित्र मंडळाकडे पाठवावें. बाडाचें पहिलें व शेवटचें पान सोबत असल्यास काळनिर्णयास सोयीचें होईल.